तिसरीतले मामंजी

दोन हजार सोळा साली मे महिन्यात आमच्या भागवतचं लग्न टँकरच्या पाण्यावर उरकलं, आणि त्याच पावसाळ्यात आमची विहीर काठोकाठ भरली. वडवणीजवळच्या आमच्या गावानं त्याचं सगळं श्रेय नव्या सुनेच्या पायगुणाला देऊन टाकलं.

सून मोहिनी, धर्मापुरीची. आली तेव्हा तिचं डी.एड.चं एक वर्ष झालं होतं, दुसरं राहिलं होतं. पोरीला शिक्षण पुरं करू द्या, एवढं तिच्या वडिलांनी सोयरीक ठरतानाच मागून घेतलं होतं. आमचे मालक तेव्हा म्हणाले, "एक साल देतो. तेवढ्यात पास झाली तर झाली. न्हाई तर घर हाय, शेत हाय, मेंढरं हायती." मालकांचं नाव राधाकिशन. लिहायला हरकत नाही. तोंडानं मी अजून घेत नाही.

मग सुरू झाली तिची धावपळ. सकाळची एसटी पकडून बीडला कॉलेज, दिवस मावळता परत. हातात भाकरीचं पीठ आणि तोंडात बालमानसशास्त्र. पाठ घ्यायचा सराव ती माझ्यावर करायची. "आत्याबाई, तुम्ही दुसरीतली मुलगी. सांगा, पानं हिरवी का असतात?" मी म्हणायची, "बाई, माझं कालवण करपतंय." भागवत वडवणीला खताच्या दुकानात कामाला. तो घरी आला की दोघं मिळून शैक्षणिक साधनं करायची. लग्नाच्या उरलेल्या पत्रिका पाठकोऱ्या होत्या. त्या कापून शब्दपट्ट्या झाल्या. एकदा डिंकाची बाटली नव्या गोधडीवर सांडली. भागवत म्हणाला, "आई, संसार चिकटला एकदाचा." मोहिनी लाजून आत पळाली आणि मी बोलायची ते विसरले.

दिवाळीनंतर तिला शाळेत प्रत्यक्ष शिकवायचं काम आलं. आमच्याच गावची जिल्हा परिषदेची शाळा मिळाली आणि वर्ग मिळाला तिसरीचा. सगळे खूश झाले. तिसरीत पहिल्या रांगेत कोण बसतं, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

तिथं बसायचा हनुमान. हे नातं नीट सांगते. मालकांचे धाकटे चुलते सटवा, वयानं मालकांपेक्षा पुष्कळ लहान. त्यांचं लग्न उशिरा झालं, पोरगं त्याहून उशिरा. ते पोरगं म्हणजे हनुमान. आठ वर्षांचा, पण माझा चुलत दीर, आणि मोहिनीचा चुलत सासरा! त्याची आई छबुबाई चाळिशीची. मी साठी ओलांडलेली, तरी तिला आत्याबाई म्हणायची आणि ती मला "अगं अंजना" म्हणायची. आमच्यात नात्याला वय विचारत नाहीत. भागवतच्या लग्नात हनुमानला सासऱ्याचा मान म्हणून फेटा बांधला होता आणि मोहिनी वाकून त्याच्या पाया पडली होती. तेव्हापासून पोराचे पाय जमिनीला लागत नव्हते.

पहिल्या दिवशी मोहिनीनं वर्गात एकेकाला उठवलं. "तू सांग. तू सांग." हनुमानपाशी आली, आणि डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, "मामंजी, तुम्ही सांगता का?"

वर्ग लोटपोट. दुपारपर्यंत सगळी शाळा त्याला मामंजी म्हणायला लागली. गृहपाठ विचारला की म्हणायचा, "सुना सासऱ्याला गृहपाठ देत न्हाईत."

एकदा त्यानं पाढा चुकवला तेव्हा तिनं त्याला उभं केलं. थोडा वेळच. पण छबुबाई शाळेत खिचडी शिजवायला, आणि तिची चूल वर्गाच्या खिडकीखाली. तिनं ते पाहिलं. संध्याकाळी ती आमच्या अंगणात उभी राहिली.

"राधाकिशन, तुझ्या सुनेनं सासऱ्याला उभं केलं! भर वर्गात! आमी गरीब, म्हणून आमाला मान न्हाई व्हय?"

मालक चुलतीपुढं काय बोलणार? मान खाली घालून म्हणाले, "पुन्हा न्हाई हुणार, काकी." आणि घरात येऊन मोहिनीला निक्षून सांगितलं, "पुन्यांदा तक्रार आली तर त्या दिवशी शाळा बंद. गावात हसं नको."

मोहिनीनं "बरं मामंजी" म्हटलं आणि त्या दिवसापासून हनुमानच्या चुका सोडून दिल्या. पंधरा पंचे पन्नास म्हणाला तरी "बसा" म्हणायची. तेवढ्यात कॉलेजातून प्रविण सर पाठ बघायला आले. मागं बसून त्यांनी सगळं पाहिलं आणि बाहेर तिला म्हणाले, "मुलाची चूक कळूनही दुरुस्त न करणाऱ्या शिक्षिकेला मी पास करू शकत नाही. एक पाठ बाकी आहे. तो तरी नीट घ्या, नाहीतर हे वर्ष पुन्हा."

वर्ष पुन्हा म्हणजे तिच्यासाठी सगळंच संपलं. मालकांनी एकच साल दिलं होतं. चूक दाखवली तर छबुबाई, नाही दाखवली तर प्रविण सर. पोरीनं दोन दिवस धड जेवण केलं नाही.

मी म्हटलं, "त्या दिवशी हनुमानला मेंढरामागं धाडू. सटवा मामंजींना मी सांगते."

"न्हाई, आत्याबाई. शाळेतलं पोरगं शाळेतच पाहिजे. मी त्याला पळवून पास झाले तर कसली शिक्षिका?"

भागवत म्हणाला, "मग मी येऊन बसू का वर्गात?"

"तुमी आलात तर मला बोलता पण यायचं न्हाई," ती म्हणाली, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा हसली.

पाठाच्या दिवशी मी तांदूळ निवडायचं निमित्त काढून छबुबाईच्या चुलीपाशी जाऊन बसले. प्रविण सर वही घेऊन मागच्या बाकावर. पाठ भागाकाराचा. मोहिनीनं चिंचोके आणले होते. चिंचोके म्हणजे मेंढरं. चोवीस मेंढरं तीन घरांत सारखी वाटायची.

"कोण वाटणार?"

"मी! मला मेंढरं कळत्यात," हनुमान उठलाच. त्यानं मुठीनं तीन ढीग केले आणि ऐटीत हात झटकले.

मी खिडकीतून पाहिलं. एका ढिगात नऊ, एकात आठ, एकात सात. पोरांनाही कळलं, ती एकमेकांना कोपरानं ढोसायला लागली. प्रविण सरांनी पेन उघडलं. माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. शेजारी छबुबाई पळी धरून खिडकीत वाकली होती.

मोहिनीनं खिडकीकडं पाहिलं. मग पदर सारखा केला आणि स्पष्ट म्हणाली,

"मामंजी, चुकलं तुमचं. परत वाटा."

हनुमानचे गाल फुगले. "म्या सासरा हाय. मी न्हाई परत वाटत."

"नका वाटू," ती शांतपणे म्हणाली. "मग ही वाटणी कायम. हा नऊचा ढीग माझ्या घराला. आठचा शेजाऱ्यांना. आणि हा सातचा तुमच्या घराला."

माझ्या कानाशी एकदम भडका उडाला.

"कावून? आमाला सातच कावून?" छबुबाई पळीसकट निम्मी खिडकीत शिरली. "त्यांच्या घरात नऊ आन् आमच्यात सात? हनम्या, गोळा कर आधी ती मेंढरं! एकेक करून वाट! मुडद्या, बापाचा कळप असाच वाटशील व्हय रं?"

हनुमाननं चिंचोके गोळा केले. एक इकडं, एक तिकडं, एक पलीकडं. सगळा वर्ग मोठ्यानं मोजत होता आणि छबुबाई सगळ्यांच्या वरचढ. आठ, आठ, आठ.

"आता बरोबर झालं, मामंजी," मोहिनी म्हणाली. "चोवीस भागिले तीन?"

"आठ!" हनुमान ओरडला. मग न विचारताच म्हणाला, "तीस असती तर दहा-दहा."

प्रविण सर उठून पुढं आले. "मॅडम, खिडकीतल्या बाई कोण?"

"माझ्या आजेसासूबाई."

सरांनी काळ्याभोर केसांच्या छबुबाईकडं पाहिलं. "आणि हा विद्यार्थी?"

"ते माझे सासरे."

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि मग असे हसले की पोरंही हसायला लागली. जाताना म्हणाले, "सासऱ्याची चूक भर वर्गात दाखवलीत. आता तुम्ही कुणालाही शिकवाल." चुलीवर खिचडी मात्र खाली लागली. ती सगळ्यांनी तशीच खाल्ली, सरांनीसुद्धा.

संध्याकाळी छबुबाई पुन्हा अंगणात आली. मालक खाटेवरून उठून बसले. मोहिनी दाराआड माझा हात धरून उभी.

"राधाकिशन, तुझ्या सुनेला सांग," छबुबाई म्हणाली, "उद्यापासून हनम्याला रोज दिवेलागणीला इथं धाडते. चुकला की लगेच सांगायचं. उभं करायचं तर उभं कर म्हणावं. निसतं मामंजी म्हणायचं सोडू नको."

मालकांनी खाटेवर सरकून काकीला जागा केली. मग आत बघून म्हणाले, "मोहिनी, काकीला चहा ठेव. आन् ते वर्ष का काय हाय तुझं, ते होऊ दे नीट."

मोहिनी चांगल्या मार्कांनी पास झाली. नोकरीसाठीच्या परीक्षा देत देत, मध्ये लेक झाली तिला सांभाळत, तिला नोकरी लागायला दोन हजार चोवीस उजाडलं. आता ती आष्टी तालुक्यात, कड्याजवळच्या एका शाळेत आहे. भागवतनं कड्यालाच खतांचं छोटं दुकान टाकलंय. मालक तिची नोकरी बघून मगच देवाघरी गेले. ऑर्डर आली त्या दिवशी त्यांनी गावात पेढे स्वतः वाटले होते. सटवा मामंजींनी मेंढरं कमी केली, गुडघे दुखतात म्हणून. छबुबाई अजून शाळेत खिचडी शिजवते. प्रविण सरांची बदली झाली, पुढं कुठं गेले ते कळलं नाही. हनुमान बारावीला आहे, मिसरूड फुटलंय, आणि सुट्टीत कड्याला मोहिनीकडं गणित शिकायला येऊन राहतो.

मी आता त्यांच्याकडंच असते. मोहिनी शाळेत गेली की नात स्वप्नाली मला शाळा-शाळा खेळायला बसवते. काल तिनं मला दोनदा उभं केलं.