बाटलीतलं जहर आणि गुड्डीचा प्रश्न

बावडीच्या पायऱ्यांवर निम्मी कॉलनी जमली होती. २००२च्या त्या उन्हाळ्यात देवासला आमच्याकडे नळ आठ दिवसांनी यायचा. प्यायला ही पायऱ्यांची विहीर, बावडीच. भभूतनाथबाबाने बाटली उंच धरली. काल सर्वांदेखत तिच्यात बावडीचं पाणी भरलं होतं, आज ते काळंकुट्ट!

"देखो भिया, सारा जहर बोतल में उतर गया! अब बावडी अमृत है!"

त्याने झाकण उघडलं. सडक्या अंड्यांचा वास सुटला. "भागा भूत!" बाबा गरजला आणि लोकांनी हंडे बुडवले.

मी कपाळावर हात मारला. पाणी तपासायच्या त्या बाटल्या शाळेतून मीच घरोघरी वाटल्या होत्या. समजावायचा कंटाळा केला. शेजारच्या कुसुमावतीबाईंनी पाणी भरलेली बाटली तीर्थासारखी देवघरात ठेवली, ती काळी पडली आणि बाबाला आयता चमत्कार मिळाला. बाकीच्यांनी आपापल्या बाटल्याही त्यालाच वाहिल्या.

"अहो, आत औषधाची पट्टी असते!" मी ओरडलो. "पाण्यात मैल्याचे जंतू असले की वायू सुटतो, पट्टीसकट पाणी काळं पडतं. घाण बावडीतच आहे!"

चमत्कारानंतर मी स्वतः भरलेल्या दोन बाटल्या दुसऱ्या दिवशी सर्वांना दाखवल्या. बावडीच्या पाण्याची काळी, उकळलेल्याची तशीच स्वच्छ.

"उबालने से अमृत की शक्ती चली गई!" बाबा म्हणाला. टाळ्या त्यालाच पडल्या. माझा नुसता संताप झाला.

चौथ्या दिवशी कुसुमावतीबाईंची नात गुड्डी जुलाबांनी दवाखान्यात. माझ्याच वर्गातली पोर, डोळे खोल गेलेले, हाताला सलाईन. आजींनी बावडीच्या पाण्याचा तांब्या तिच्या तोंडाशी नेला.

"आजी," गुड्डी पुटपुटली, "सारा जहर निकल गया था ना? मग दुसऱ्या दिवशी बाटली परत काळी कशी झाली?"

आजींचा हात थबकला.

"असं विचारू नये बाळा. बाबा नाराज होतील."

मी तांब्या हिसकावून मोरीत ओतला. आजी रडू लागल्या, "मास्तर, काय केलंत हे?" उत्तर देऊन थकलो होतो. एक तांब्या ओतता आला. बावडी कशी ओतू?

वाचकहो, सात वर्षांच्या पोरीला सुचलं ते आपण का विचारत नाही? बाबा नाराज झाला तर होऊ द्या. पाणी उकळूनच प्या.