ठोका कुठपर्यंत पोचतो

घरात तिला सगळे थोरली म्हणत. ही थोरली प्रयोगशाळेत एका काचेच्या पेटीपुढे बसून पार शिणून गेली होती. पेटीत मांसासारखी मऊ जेली आणि जेलीतून गेलेली पाझरती नळी. पंप हृदयासारखे ठोके देत त्यात निळं पाणी ढकलायचा. नळी ठोक्याठोक्याला फुगली-आक्रसली की रंग जेलीत खोल शिरणार, असं तिला संशोधन शिकवणाऱ्या सरांचं म्हणणं. रंग मात्र काठावर ढिम्म!

"तुझ्या हातालाच यश नाही," सर म्हणत. दमलेलं माणूस असलं काहीही खरं मानतं, तिनेही मानलं.

एकदा वैतागून तिने पंपापासून पेटीपर्यंतची जोडनळी चिमटीत धरून पाहिली. पंपाशी ठोका टणटणीत, पेटीशी काहीच नाही. कडक नळीचे सांधे गळतात म्हणून हिनेच हौसेने मऊ रबरी नळी लावलेली; तीच फुगून सगळा ठोका गिळत होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा! कडक नळी बसवल्यावर संध्याकाळपर्यंत रंग आत शिरला. सर नाचायचे बाकी होते. तिला फक्त आडवं व्हायचं होतं.

घरी वडील स्टुलावर पाय ठेवून बसलेले. ते शिंपी, पाय गेला की मशीन गेलं. अंगठ्याची जखम काही केल्या भरत नव्हती. "तुम्ही पाणी लावता, म्हणून चिघळतं," असं ती रोज मलम लावताना झापायची आणि ते गुपचूप ऐकून घ्यायचे.

आज तिची बोटं आपसूक त्यांच्या मनगटावर गेली. ठोका होता. मग पावलावर, घोट्यामागे चाचपलं. पुन्हा चाचपलं. काही लागेना. पाऊल गार होतं.

"बाबा, शर्ट घाला. दवाखान्यात जायचंय."

"आत्ता? मलम तरी लाव."

"मलमाने काय होणार? तिथवर रक्तच पोचत नाहीये."

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "पायाकडे रक्त नेणारी शीर तुंबलीय, ती मोकळी करू. पाऊल वाचेल, अंगठा नाही वाचायचा. जरा आधी आणलं असतंत तर..."

बाहेर बाकड्यावर ती रडायलाच लागली. "माझं कामच हे, बाबा. आणि मी तुम्हालाच बोल लावत बसले. रात्री दुखायचा का हो पाय?"

"दुखायचा की."

"मग सांगायचं नाही?"

"तू इतकी दमून यायचीस गं," वडील म्हणाले.