कॅरेज

आश्लेषाने धुतलेला कप पुन्हा धुतला. मागे स्वयंपाकघरातल्या टेबलाशी तिच्या सासूबाई, रंभाबाई, वही उघडून बसल्या होत्या. ग्लासगोला आल्यापासून त्या दर मंगळवारी लायब्ररीतल्या इंग्लिशच्या क्लासला जात. आजचा शब्द होता कॅरेज.

“बघ हं,” त्या म्हणाल्या, “कॅरेज म्हणजे बग्गी. ट्रेनचा डबा. माल पोचवायचं भाडं. आणि माणसाची चालायची ढब, तीही कॅरेजच! मी मॅडमना विचारलं, असं कसं? तर म्हणाल्या, मुळात लॅटिनमधला चाकांच्या गाडीचा शब्द. त्यावरून कॅरी, म्हणजे वाहून नेणं, आणि त्यावरून हा.”

“हं.”

आश्लेषा शुक्रवारी हॉस्पिटलमधून आली होती. तीन महिने भरले की आईंना सांगायचं, असं तिचं नि मिलिंदचं ठरलं होतं. सांगायला काही उरलंच नाही, तेव्हा त्याने पोटाचं इन्फेक्शन म्हणून सांगितलं. तेव्हापासून ती जेवत होती, झोपत होती, ऑफिसच्या ईमेल्सना उत्तरंही देत होती. रडू तेवढं येत नव्हतं.

“मग त्याच्याआधी मिस लावलं, तर?”

कप हातात तसाच राहिला.

“कुठे वाचलंत?”

“मायक्रोवेव्हवर ठेवलेल्या हॉस्पिटलच्या पत्रात. तुझ्या नावाचं होतं. वाचायला नको होतं मी.”

“गाडी चुकली, आई,” आश्लेषा सपाट आवाजात म्हणाली. “इतकंच.”

रंभाबाईंनी ते लिहून घेतलं नाही. पेनाला टोपण लावलं.

“मिलिंदच्या आधी माझं दोनदा झालं,” त्या म्हणाल्या. “आमच्याकडे म्हणायचे, रंभाचं पडलं. जसं काही माझ्याच हातून पडलं.”

खालून बस गेली. खिडकीचं तावदान थरथरलं, थांबलं.

“मग काय केलंत तुम्ही?”

“काय करणार? दुसऱ्या दिवशी धुणं धुतलं.” त्यांनी वहीचा कोपरा दुमडला, पुन्हा सरळ केला. “दुसऱ्या वेळी मुलगी होती. नाव ठेवलं होतं मी तिला, मनातल्या मनात. ह्यांनासुद्धा कधी सांगितलं नाही.”

आश्लेषाने हात पुसले. खुर्ची ओढून ती त्यांच्यासमोर बसली.

“मला सांगा,” ती म्हणाली.