अंगठा अडकू लागला तेव्हा

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. तुमच्या कंपासपेटीतल्या चिमुकल्या कात्रीशी माझा काही संबंध नाही. मी शिंप्याची कात्री. मला उचलायला तुम्हाला दोन्ही हात लावावे लागतील. जाड लोकरी कापडाची दुहेरी घडी मी एका दमात कापते. आता माझी गोष्ट सांगायला बसले आहे खरी, पण एक आधीच सांगते. माझ्या आयुष्यात जे घडले ते मला अजूनही धड कळलेले नाही. कळले तेवढे सांगते.

लोहाराच्या भट्टीत माझी दोन पाती वेगवेगळी जन्मली. एकमेकांची ओळखदेखही नव्हती. मग एका स्क्रूने त्यांचे लग्न लावून दिले आणि तेव्हापासून ती कुरकुरत का होईना, एकत्र संसार करीत आहेत. माझ्या मुठीला दोन कडी आहेत. लहान कडे अंगठ्यासाठी आणि मोठे बाकीच्या बोटांसाठी. माणसांना तुम्ही तोंडावरून ओळखता, मी हातावरून ओळखते. म्हणून मास्तरांचा हात मला त्यांच्या बायकोपेक्षाही जास्त ठाऊक होता.

मास्तर म्हणजे माझे मालक. शिवणकाम करणारे, पण सगळी गल्ली त्यांना मास्तरच म्हणे. त्यांनी मला विकत घेतले तेव्हा त्यांना नुकतेच मिसरूड फुटले होते. माझ्या बाबतीत त्यांचा एकच कडक नियम होता. कापडाशिवाय काहीही कापायचे नाही. एकदा त्यांच्या बायकोने माझ्या पात्यांनी साधी सुतळी कापली, तर मास्तरांनी घर डोक्यावर घेतले.

"ही कात्री नाही, माझी सवत आहे!" बाई म्हणाल्या. ते ऐकून मी उगाचच ताठ झाले.

काय ते दिवस होते! मास्तर कापड पसरत, हाताने सुरकुती काढत, खडूने रेघ ओढत आणि मग मला उचलत. एकदा कापायला लागले की मध्ये थांबणे नाही. त्यांनी शिवलेल्या कोटाच्या खांद्यावर एक सुरकुती शोधून दाखवावी! लोक त्यांच्या हाताचे कौतुक करीत आणि मी त्यातला निम्मा वाटा मनातल्या मनात माझ्या नावावर करून घेई. पुढे त्यांची मुलगी दुकानात येऊन मशीनवर बसू लागली. तिला घरात ठकी म्हणत. बाप बेतणार आणि लेक शिवणार, असे सारे छान चालले होते.

मग माझ्यातच काहीतरी बिघडले. निदान मला तसे वाटले.

प्रथम मास्तरांचा अंगठा माझ्या कड्यात अडकू लागला. सकाळी तर तो आत शिरेचना. मी घाबरले. मी आखडले की काय? लोखंड म्हातारपणी आकसते का? विचारणार कोणाला? टेप कायम गुंडाळलेली आणि इस्त्रीचे डोके सदा तापलेले.

नंतर त्यांच्या हाताला झटके येऊ लागले. सरळ रेघेवर चालता चालता मनगट एकदम ढिले पडे, पुन्हा सावरे. हाताची कातडी कोरडी आणि ओरखड्यांनी भरलेली, कारण त्यांना सारखी खाज सुटे. कधी कधी ते मला उघडी धरून कापडावर नुसते उभे राहत. मी वाट बघत राही. आता कापतील, मग कापतील. पण त्यांना कापायचे होते की मला ठेवायचे होते, हेच मला कळेना. मला वाटते, त्यांनाही कळत नव्हते.

एकदा एक गिऱ्हाईक माप द्यायला हात पसरून उभे राहिले. मास्तरांनी छाती मोजली आणि आकडा विसरले. पुन्हा मोजली, पुन्हा विसरले.

"मास्तर, मी काही पंख फुटायची वाट बघत नाहीये," गिऱ्हाईक हसत म्हणाले.

सगळे हसले. मास्तर मात्र इतके चिडले की टेप फेकून बाहेर निघून गेले. ज्या माणसाने कधी गिऱ्हाइकाला उलट उत्तर दिले नाही, त्याच्या नाकावर रागच येऊन बसला होता. का, ते कोणाला समजेना.

आणि मग बँडमध्ये कर्णा वाजवणाऱ्या एका माणसाचा लाल कोट शिवायला आला. मित्रांनो, बाही नेहमी कापडाची दुहेरी घडी करून बेततात. त्यामुळे एक उजवी आणि एक डावी आपोआप निघते. त्या दिवशी मास्तरांनी कापड एकेरीच पसरले आणि बाहीचा कागदी नमुना न उलटता दोनदा कापले. मी कापत गेले. माझे काम कापण्याचे, विचारण्याचे नव्हे.

ठकी बाह्या जोडायला बसली आणि तिचा चेहराच उतरला.

"बाबा, या दोन्ही डाव्या आहेत."

"तू उलटी धरली असशील."

"उलटी धरली तर कापडाची आतली, अस्तराकडची बाजू वर येते, बाबा. बघा ना."

मास्तरांनी बाही उलटली, सुलटली, पुन्हा उलटली. त्यांच्या कपाळावर घाम आला. मग त्यांनी सगळे खापर माझ्यावर फोडले. "ही कात्रीच हातात वळते!"

मी ते खरे मानले. मला धारवाल्याकडे पाठवले. त्याने मला उलटसुलट पाहिले आणि म्हणाला, "हिला काही झालेलं नाही." आता मात्र माझे डोकेच चालेना. मला काही झाले नाही, कापडाला काही झाले नाही, मग झाले तरी कोणाला?

मास्तरांच्या बायकोने ठकीला बाजूला घेतले. "त्यांचं वय झालं बघ. ती कात्री कपाटात टाक आणि कुलूप लाव. त्यांच्या हातात पुन्हा देऊ नकोस. उद्या लोक हसतील त्यांना."

"आई, कात्री काढून घेतली तर बाबा काय करतील दिवसभर?"

माझा जीव टांगणीला लागला. माझ्याशिवाय मास्तर म्हणजे काय, हे मला ठाऊक होते. उरलेच काय असते त्यांच्याजवळ?

बहुधा मास्तरांनी ते ऐकले असावे. त्यांनी मला फडक्यात गुंडाळून छातीशी धरले आणि ठकीला हळूच विचारले, "मला वेड लागतंय का गं?"

ठकी रडली. मग तिने त्यांचा हात धरला आणि थेट डॉक्टरीणबाईंकडे नेले. आईही मागोमाग आल्या. मास्तर मला सोडायला तयार नव्हते, म्हणून मीही गेले. त्यामुळे पुढचे मी स्वतः ऐकले आहे.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ते गाठोडं जरा खाली ठेवा. दोन्ही हात पुढे करा आणि पंजे वर करा. वाहतूक पोलीस गाडी थांबवतो ना, तसे." मास्तरांनी हात पुढे केले. ते पुन्हा पुन्हा ढिले पडत होते. मग बाईंनी वारांची नावे उलट क्रमाने म्हणायला सांगितली. मास्तर तिसऱ्या नावापाशी अडले आणि जमिनीकडे बघत राहिले.

"रक्तदाबाच्या गोळ्या घेता का?"

"कसल्या घेतात!" आई म्हणाल्या. "बरं वाटलं की सोडून देतात."

रक्त आणि लघवी तपासली आणि उत्तर मिळाले. मास्तरांच्या दोन्ही किडन्या कित्येक वर्षे हळूहळू निकामी होत आल्या होत्या.

"दुखणं कमरेत आणि बिघाड डोक्यात, असं कसं हो?" आईंनी विचारले. अगदी माझ्या मनातला प्रश्न!

"किडनी रक्त गाळते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गाळणं कमी पडलं की घाण रक्तातच राहते आणि ते रक्त मेंदूतही फिरतं. मग लक्ष लागत नाही, सुचत नाही, माणूस चिडतो, हात ढिले पडतात, अंगाला खाज सुटते. अंगात पाणी साठतं, म्हणून बोटं सुजलीत. शिवाय वाढलेल्या रक्तदाबानं किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, तशा मेंदूतल्याही होतात. यांना वेड लागलेलं नाही."

"पहिल्यासारखे होतील?" ठकीने विचारले.

"बराच फरक पडेल. सगळं परत येईल, असं मी सांगणार नाही."

तर मी आखडले नव्हते! पण त्याचा आनंद कसा मानावा, हे मला समजेना.

पुढे मास्तरांना ठरलेल्या दिवशी इस्पितळात नेत आणि यंत्राने त्यांचे रक्त गाळून घेत. मी दुकानाच्या खणात पडून राहिले. पात्यावर गंजाचा एक ठिपका आला. मला टाकून दिले असेच मी समजून चालले होते.

एका सकाळी खण उघडला. अंगठा कड्यात सहज शिरला. हात बारीक झाला होता, पण तो मास्तरांचाच होता. टेबलावर कापडाची दुहेरी घडी होती, बाकावर गिऱ्हाईक बसले होते. मास्तर सावकाश कापू लागले. बाजूची सरळ रेघ संपली, बगलेची गोलाई आली आणि ते थांबले.

ठकीचे मशीन बंद झाले. गिऱ्हाइकाने मान वर केली. आता मास्तर ओरडणार, मला आपटणार, असे वाटून मी धास्तावले.

"ठके," ते गिऱ्हाइकादेखत म्हणाले, "मला पुढचं सुचत नाहीये. जरा इकडे ये."

इतक्या वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकले नव्हते. ठकी उठून आली. तिने मला हात लावला नाही. खडूच्या रेघेवर बोट ठेवून ती म्हणाली, "इथून वळा, बाबा." मास्तर वळले आणि मीही वळले. गोलाई स्वच्छ निघाली.

काही दिवस असे बरे जातात, काही नाही जात. माझा गोंधळही पुरता मिटलेला नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरातले कोणी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारू लागले, विनाकारण चिडू लागले, नेहमीच्या कामात अडू लागले, तर त्यांना हसू नका. वय झाले म्हणून गप्प बसू नका. त्यांना डॉक्टरांकडे न्या, रक्त आणि लघवी तपासून घ्या, रक्तदाबाच्या गोळ्या चुकू देऊ नका. आणि कधी ते तुम्हाला म्हणाले की, मला पुढचे सुचत नाही, तर त्यांच्या हातातले काम काढून घेऊ नका. फक्त रेघेवर बोट ठेवा.