वरून कापलेली पटकथा

बातमी जागेत मावली नाही की मी ती खालून कापायची. म्हणून वार्ताहर महत्त्वाचं सगळं आधीच सांगून टाकतात. ऑस्ट्रेलियातल्या मरे नदीकाठच्या आमच्या चिमुकल्या वर्तमानपत्रात लीथ हॅनरहनला हे मीच शिकवलं, आणि पठ्ठ्या ते इतकं पक्कं शिकला की पुढे माझ्याच डोक्याला ताप झाला.

त्याचा धाकटा भाऊ कीरन नदीत बुडाला, तेव्हा बातमीही लीथनंच लिहिली. पहिल्या ओळीत नाव, वय, मृत्यू. मी त्यातला एक शब्दही कापला नाही. पुढे त्यानं त्यावर कादंबरी लिहिली. तिच्याही पहिल्याच ओळीत कीरन गेला. पुस्तकाचं नाव झालं, लीथनं नोकरी सोडली आणि मेलबर्नच्या एका निर्मात्यानं त्यावर पटकथा मागितली. ती मात्र सारखी परत यायला लागली.

एका दुपारी तो पडलेल्या चेहऱ्यानं माझ्या टेबलाशी आला.

"बेरिल, या खेपेला जमलं नाही तर निर्माता दुसऱ्याकडून लिहून घेणार. कीरनला ज्यानं पाहिलंसुद्धा नाही असा कुणीतरी लिहील गं!"

मी वाचायला घेतलं. सुरुवातीलाच नदी, प्रेत, पोलीस. मी कात्री उचलली.

"अगं, खालून काप ना!"

"गप बस. जन्मभर खालूनच कापत आलेय."

सुरुवातीची पानं मी सरळ खणात टाकली. आता गोष्ट सुरू होत होती ती आईच्या नजरेसमोरून भाजलेल्या मटणाचा तुकडा पळवणाऱ्या कीरनपासून.

"मग तो मरतो कधी?"

"शेवटी. तोवर जगू दे की त्याला! तुला कसली एवढी घाई?"

लीथ माझ्यावर भडकला. मग खुर्चीत बसून ढसाढसा रडला. मला फार वाईट वाटलं, पण खण काही मी उघडला नाही.

सिनेमा आला तेव्हा गावच्या हॉलमध्ये लीथची आई एडना माझ्या शेजारी बसली होती. कादंबरी तिनं पहिल्या ओळीलाच मिटून ठेवली होती. पडद्यावरच्या कीरननं मटण पळवलं, तशी ती मोठ्यानं म्हणाली, "अरे चोरा, हात तरी धू!" सगळा हॉल हसला. नदी आली तेव्हा तिनं माझा हात घट्ट धरला, पण उठून गेली नाही.

बाहेर लीथ तिच्यासमोर शाळेतल्या पोरासारखा उभा राहिला. "आई, चुकलं का गं काही?"

"पुन्हा कधी लावणार आहेत?" एडनानं विचारलं. "मी नदीपर्यंतच बसेन. मग तू मला घरी घेऊन चल."