तपासणीच्या दिवशीचा घमघमाट

सूनबाईने दुकान असं घासूनपुसून लख्ख केलं होतं, की गिऱ्हाईक दारातच दोनदा पाय पुसू लागलं. कारणही तसंच होतं. ड्रायक्लीनिंगच्या प्रत्येक दुकानाने पर्यावरण खात्याकडे नोंदणी करायची, असा नवा नियम आला होता. त्याआधी तपासणी, आणि तपासणीत नापास झालं की मशीनला सील. सासऱ्यांनी उभं केलेलं दुकान आत्ता कुठे तिच्या नावावर झालं होतं. आपल्या हाती येताच त्याला टाळं लागलं तर तोंड कुठे लपवायचं, या धास्तीने तिला अन्न गोड लागत नव्हतं.

सासऱ्यांना मात्र हा सगळा खुळचटपणा वाटे. मशीनच्या दाराचं रबर कडक झालंय, बदलू या, असं ती कधीची म्हणत होती. नवं रबर आणूनही ठेवलं होतं.

"काही नको," सासरे म्हणत. "गळती असती तर मला आधी वास आला नसता? माझं नाक काय भाड्याने दिलंय?"

तपासनीस बाई आल्या त्या शिंकतच. सूनबाईलाही कसलासा उग्र घमघमाट जाणवत होता, पण आपणच फरशीला साबण जास्त ओतला असेल, असं तिने मनाची समजूत घातली. कपडे धुवायच्या रसायनाचा, म्हणजे सॉल्व्हंटचा, उरलेला गाळ ज्यात साठवतात तो ड्रम बाईंनी पाहिला. झाकण घट्ट होतं. त्यांनी मान डोलावली आणि सूनबाईच्या जिवात जीव आला.

मग बाईंनी पिशवीतून टॉर्चएवढं एक यंत्र काढलं. "हवेत सॉल्व्हंट असला की हे ओरडतं," त्या म्हणाल्या. बटण दाबायचा अवकाश, ते किंचाळायलाच लागलं. मशीनपाशी ओरडलं, काउंटरपाशी ओरडलं, टांगलेल्या कोटांमध्ये ओरडलं. कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलेल्या सासऱ्यांजवळ तर त्याने आकांत मांडला.

"अहो, हे तर सील करावं लागेल," बाई म्हणाल्या.

सूनबाईचं तोंड एवढंसं झालं. पण सासऱ्यांकडे पाहता पाहता तिच्या डोक्यात प्रकाश पडला. मशीन राहिलं बाजूला, माणूस कसा गळेल?

"बाबा, अत्तर मारलंत?"

"थोडंसंच. पाहुण्या येणार म्हणून सगळीकडे शिंपडलं," सासरे म्हणाले. "बाटली संपली तरी वासच येईना. म्हणून दुसरी फोडली."

बाईंना हसू आवरेना. हे यंत्र अत्तरालाही फसतं, असं त्या सांगत होत्या. सूनबाई मात्र हसली नाही. दुसरी बाटली का लागली, हे तिला कळलं होतं, आणि सासऱ्यांचा उतरलेला चेहरा सांगत होता की त्यांनाही ते कळलं आहे.

दारं-खिडक्या उघडल्या, पंखे लावले, कोट बाहेर काढले. सासऱ्यांनाही, ते सगळ्यात सुगंधी असल्यामुळे, खुर्चीसकट फुटपाथवर नेऊन बसवलं. हवा मोकळी झाल्यावर बाई पुन्हा फिरल्या. यंत्र सगळीकडे गप्प राहिलं. फक्त मशीनच्या दारापाशी, त्या कडक झालेल्या रबराजवळ, ते बारीक आवाजात कुरकुरलं.

सूनबाईने बाह्या सरसावल्या. जुनं रबर उपसून बाईंच्या देखत नवं बसवलं. यंत्र मुकाट झालं. नोंदणी मंजूर, असं बाई म्हणाल्या तेव्हा तिला त्यांना मिठीच मारावीशी वाटली.

बाहेर सासरे हाताचा तळवा नाकाशी नेऊन पुन्हा पुन्हा हुंगत होते. "माझं नाक कधी गेलं असेल गं?" त्यांनी विचारलं. ती त्यांच्या खुर्चीशेजारी जाऊन उभी राहिली.

तपासनीस बाई निघाल्या, तसे सासरे धडपडत उठले.

"मॅडम, ते ओरडणारं यंत्र विकत मिळतं का हो?"

"मिळतं की. पण तुमच्याएवढ्या दुकानाला ते सक्तीचं नाही, आजोबा."

"नसू दे," सासरे म्हणाले. "माझी सून दिवसभर त्या मशीनपुढे उभी असते."