हमीदाबीच्या मानेचा आळ माझ्यावर

मी एक जुनी चुंबळ आहे. मित्रांनो, चुंबळ म्हणजे काय हे तुमच्यापैकी निम्म्यांना माहीत नसेल, असा मला दाट संशय आहे. डोक्यावर टोपली घेताना टोपलीखाली कापडाची गोल गुंडाळी ठेवतात, ती मी. हमीदाबीच्या आईने जुन्या सुती साडीच्या पट्ट्या पिळून मला वळले, वरून घट्ट सुतळी गुंडाळली आणि लेकीच्या हाती दिले. माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. वर टोपली आणि खाली डोके, मधे राहणाऱ्याला दोन्हीकडे लक्ष ठेवावेच लागते.

वडवणीच्या आठवडी बाजारात हमीदाबी फळे विकायची. दिवाळीच्या सुमारास सीताफळे, एरवी पेरू, केळी, बोरे. शेजारी भाजी घेऊन बसणारी छबुबाई सगळ्यांना सांगायची, "हमीदाबी चालली की टोपली जागची हालत न्हाई बगा." ते ऐकून मला फार बरे वाटायचे. त्या कौतुकात निम्मा वाटा माझा होता.

चार वर्षांपूर्वी हमीदाबीला दुखणे लागले. डाव्या कानामागून कळ निघायची, वर कानशिलात जायची आणि खाली मानेत उतरायची. डावीकडच्या गिऱ्हाइकाकडे वळताना ती मधेच थांबायची आणि डोळे मिटून घ्यायची. तिचा नवरा रहमतुल्ला सायकली दुरुस्त करतो. त्याने एका नजरेत गुन्हेगार शोधला.

"ह्या चुंबळीनंच तुझी मान खाल्ली," तो म्हणाला. "आजपासून डोक्यावर वजन बंद."

मुलगा अबरार टोपल्या रिक्षातून नेऊ लागला. दुखणे मात्र तसेच राहिले. आता तरी माझ्यावरचा आळ जाईल असे मला वाटले होते. कसले काय! "जुनं वजन हाय, उतरायला टाइम लागतो," असे रहमतुल्लाने ठरवून टाकले.

मग डॉक्टर सुरू झाले. रहमतुल्लाच्या दुकानात मोडलेला पार्ट बरोबर आणल्याशिवाय तो नवा देत नाही. त्याच हिशेबाने तो मला पिशवीत घालून प्रत्येक दवाखान्यात न्यायचा आणि टेबलावर ठेवायचा. डॉक्टर माझ्याकडे बघून मान हलवायचे. पहिल्याने अर्धशिशी सांगितली आणि गोळ्या नि चष्मा दिला. दुसऱ्याने दाढांवर बोट ठेवले आणि दोन चांगल्या दाढा उपटल्या. त्या बशीत पडल्या तेव्हा मी नीट पाहिले. त्यांना कीड नव्हती. तिसऱ्याने मानेचे मणके झिजलेत म्हणून गळ्याला पांढरा पट्टा बांधला. तो पट्टा मला पहिल्या दिवसापासून पटला नाही. तो नेमका कानाखालीच दाबायचा आणि हमीदाबीच्या डोळ्यांत पाणी यायचे.

मित्रांनो, आता खरी गोष्ट ऐका. हमीदाबीला घशातही टोचायचे. गिळताना काटा रुतल्यासारखे व्हायचे. ते तिने फक्त छबुबाईला सांगितले. त्याच आठवड्यात माजलगावच्या धरणातले मासे घरी आले होते. छबुबाई म्हणाली, "माशाचा काटा आसंल. केळं गीळ, जाईल खाली." तेव्हापासून घशाचे दुखणे छबुबाईकडे, डोक्याचे गोळ्यावाल्याकडे आणि दाढेचे दातवाल्याकडे, अशी वाटणी होऊन गेली. डोक्याच्या डॉक्टरला घशाचे सांगणे तिला वावगे वाटायचे. सगळे ऐकणारी मी एकटी, आणि मला तोंड नाही.

रिपोर्ट चांगले येत गेले तशा घरातल्या नजरा बदलल्या. सून समिना एकदा अबरारला म्हणाली, "अम्मी भाकर आर्धी ठेवतेत आन् केळं बराबर खातेत. रिपोर्टमधी काई न्हाई. मग दुकतंय तरी कुठं?" हमीदाबी दाराआड उभी होती. चौथ्या डॉक्टरने तर हा मनाचा आजार आहे असे सांगितले. त्या दिवसापासून हमीदाबीने दुखतंय हा शब्द टाकला. कानाखाली हात धरून ती गप्प जेवायची. एकदा तिने मला हातात घेतले आणि पुटपुटली, "माझंच डोकं फिरलं की काय?" ती स्वतःवरच संशय घ्यायला लागली, याची मला फार भीती वाटली.

शेवटी छबुबाईच्या सांगण्यावरून अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात जायचे ठरले. समिनाही निघाली. "बगते, तिथं काय सांगतेत," ती म्हणाली. तिच्या आवाजात काळजी कमी आणि चौकशी जास्त होती.

तिथे राजनंदिनी नावाच्या तरुण डॉक्टरीणबाई होत्या. एवढीशी पोर काय करणार, असे मला वाटले. रहमतुल्लाने मला टेबलावर ठेवताच त्यांनी मला बोटाने बाजूला सारले. माझा मोठा अपमान झाला. मग त्यांनी असा प्रश्न विचारला, जो चार वर्षांत कोणी विचारला नव्हता.

"आजी, कुठं दुखतं ते राहू द्या. दिवसभरात काय काय करायचं टाळता?"

हमीदाबी विचारात पडली. "डावीकडं बगायचं टाळते. जांभई दाबते. भाकर..." ती थांबली. "घशाचं हितं सांगू का? ते दुसरं दुकणं हाय."

"सगळं इथंच सांगा."

हमीदाबीने सगळे सांगितले. डॉक्टरीणबाईंनी हातमोजा घातला आणि तोंडात बोट घालून घशाच्या डाव्या बाजूला हलकेच दाबले. हमीदाबी किंचाळली. "ह्योच! ह्योच काटा!" कळ कानातून थेट मानेत गेली होती. मग पूर्ण जबड्याचा फोटो काढला. प्रत्येकाला दोन्ही कानांखाली एकेक बारीक हाड असते. हमीदाबीचे डावीकडचे हाड वाढून घशाच्या कडेपर्यंत आले होते. या आजाराला ईगल सिंड्रोम म्हणतात, तो क्वचितच सापडतो, आधी औषधे देऊ आणि नाही जमले तर छोटे ऑपरेशन करू, असे त्यांनी समजावले.

हमीदाबीने औषधांचे काही विचारले नाही. काचेवरच्या फोटोला तिने बोट लावले. "म्हंजे खरंच हाय ना, बाई? दिसतंय ना तुमाला?"

"दिसतंय, आजी. खरंच आहे."

हमीदाबी ओक्साबोक्शी रडली. रहमतुल्ला खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. समिना तिच्या पायाशी बसली आणि म्हणाली, "अम्मी, इतकं दुकत होतं तर आमाला कावून सांगितलं न्हाई?"

हमीदाबीने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "सांगतच तर होते, बेटा."

मित्रांनो, मला समिनाला बोल लावता येत नाही. मी तेवीस वर्षे हमीदाबीच्या डोक्यावर बसले. तिची मान किती ताठ आणि शब्द किती खरा, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक? तरी चौथा रिपोर्ट चांगला आला, त्या दिवशी पिशवीत पडल्या पडल्या माझ्याही मनात आले होते, ही सोंग तर करत नसेल? म्हणून एक विनवणी करते. तुमच्या घरात कोणी पुन्हा पुन्हा दुखतंय म्हणत असेल, तर त्याच्याजवळ बसा आणि त्याचे सगळे ऐकून घ्या. त्याचे सांगणे बंद झाले, की दुखणे थांबले असे समजू नका.